कोरडा की ओला, याच्या पुढे

औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध मागितलं की काउंटरपलीकडून एकच प्रश्न येतो: कोरडा की ओला? उत्तर मिळालं की दोन कप्प्यांपैकी एका कप्प्यातली बाटली समोर ठेवली जाते. प्रश्न चुकीचा नाही, फार लवकर संपणारा आहे. कोरडा खोकला दम्याचा असतो, आम्लपित्ताचा असतो, रक्तदाबाच्या गोळीचा असतो, कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसाला आलेल्या सुजेचा असतो, आणि क्षयरोगातही सुरुवातीला तो कोरडाच असू शकतो. या पाचांना पाच वेगळी उत्तरं आहेत आणि त्यातलं एकही त्या बाटलीत नाही.

चिनी वैद्यकाबद्दल हल्ली कुतूहल वाढलंय. नाशपाती पोखरून त्यात कसलासा पांढरा कंद घालून वाफवण्याचे व्हिडिओ फिरत असतात आणि ‘ते सिरप इथे कुठे मिळेल’ अशी विचारणा त्यांच्याखाली सुरू असते. मला मात्र त्या औषधांपेक्षा त्यांच्या आधी होणाऱ्या चौकशीत जास्त अर्थ दिसतो. खोकल्याचे रुग्ण बघणारा चिनी वैद्य कफाचा रंग, दाटपणा, घशाची खाज, घाम, तहान, खोकल्याची वेळ, जिभेवरचा थर हे सगळं बघितल्याशिवाय चिठ्ठीवर एक पानही लिहीत नाही. ही चौकशी कुठवर चालते आणि कुठे थांबते, हे कळलं तर नाशपातीचाही उपयोग कळतो.

आधी खोकला होतो कसा ते. खोल श्वास आत घेतला जातो, स्वरयंत्राचं दार मिटतं, आणि जेमतेम ०.२ सेकंद ते मिटलेलं असताना पोटाचे आणि फासळ्यांचे स्नायू आवळून छातीतला दाब वाढवतात. मग दार एकदम उघडतं आणि हवा जोरात बाहेर पडते. म्हातारपणी किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हा दाबच तयार होत नाही, म्हणून कफ असूनही सुटत नाही. तिथं कफ पातळ करण्याच्या औषधापेक्षा टाक्यांवर उशी दाबून धरून खोकायला शिकवणं जास्त उपयोगी पडतं. ही सगळी कृती मेंदूच्या खोडातून चालते आणि तिथवर वर्दी नेण्याचं काम मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं. त्याच्या फांद्या स्वरयंत्रात आहेत, श्वासनलिकेत आहेत, अन्ननलिकेत आहेत, आणि एक फांदी चक्क कानाच्या नळीत आहे. काही जणांना कान कोरताना ठसका लागतो तो हिच्यामुळे. कानात मळाचा खडा घट्ट बसल्यानं महिनोन्‌महिने खोकणारे रुग्ण दुर्मीळ असतात, पण असतात.

चीनमधल्या फार जुन्या वैद्यकग्रंथात, हुआंगदी नेईजिंगच्या सू-वन या भागात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक अख्खा अध्याय खोकल्यावर आहे, ३८ वा. त्याचं म्हणणं असं की केवळ फुफ्फुस नव्हे, पाचही भरीव अवयव आणि सहाही पोकळ अवयव माणसाला खोकायला लावतात. मग तो एकेकाची खूण देतो. हृदयाच्या खोकल्यात छातीत दुखतं आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. यकृताच्या खोकल्यात दोन्ही बरगड्यांखाली दुखतं, कूस बदलता येत नाही. जठराच्या खोकल्यात खोकता खोकता उलटी होते. मूत्राशयाच्या खोकल्यात खोकताना लघवी सुटते.

यातली शरीररचना आजच्या अर्थानं घ्यायची नाही. चिनी ‘यकृत’ म्हणजे सोनोग्राफीत दिसणारं यकृत नव्हे. पण निरीक्षण बघा. हृदय नीट पंप करत नसेल तर आडवं झाल्यावर फुफ्फुसात पाणी साठून खोकला येतो, उठून बसलं की कमी होतो. पायावर सूज आणि जिना चढताना धाप असेल तर हा खोकला कफाच्या औषधानं जाणार नाही. जठरातलं आम्ल वर येऊन होणारा खोकला जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर वाढतो आणि छातीत जळजळ नसतानाही असू शकतो. त्याला रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीच्या विटा. नुसत्या दोन उश्या घेतल्या तर मान वाकते, पोट दाबलं जातं आणि त्रास वाढतो.

खोकताना लघवी सुटणं ही तक्रार मात्र दोन हजार वर्षं लिहिलेली असूनही आपल्याकडे सांगितली जात नाही. बाळंतपणं झालेल्या बायका खोकला आला की मांड्या आवळून उभ्या राहतात आणि डॉक्टरांना फक्त खोकला सांगतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम यावर खरंच चालतो: लघवी अडवल्यासारखे स्नायू आवळून पाच ते दहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आणि खोकला येतोय असं वाटताक्षणी आधी आवळायचं, मग खोकायचं.

या यादीत त्या काळच्या वैद्यांना माहीत असणं शक्य नव्हतं असं एक कारण आज घालावं लागतं: गोळी. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात गुदगुल्या करणारा खोकला लागतो. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी लागतो, काहींना काही महिन्यांनी, म्हणून संबंध लक्षात येत नाही. गोळी बदलल्यावर बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिने घेतो. स्वतःहून गोळी बंद करायची नाही; डॉक्टरांना ‘प्रिल’ची आठवण करून दिली की ते ‘सार्टन’ गटातली देतात. चीन आणि पूर्व आशियातल्या लोकांत हा खोकला युरोपीय लोकांपेक्षा जास्त दिसतो, हे तिथल्या डॉक्टरांना चांगलंच ठाऊक असतं.

आता दिवसांचा हिशोब, कारण निम्मे घोटाळे इथे होतात. सर्दी-तापानंतरचा साधा खोकला किती दिवस राहतो? अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना हे विचारलं गेलं. त्यांचा अंदाज सात ते नऊ दिवसांचा होता. प्रत्यक्षात आधीच्या अभ्यासांवरून सरासरी निघाली सुमारे १८ दिवसांची. मधले नऊ-दहा दिवस म्हणजे दुसरा डॉक्टर, तिसरी बाटली आणि गरज नसलेलं अँटिबायोटिक. पिवळा-हिरवा कफ दिसला की जंतूंचं औषध हवंच, असाही समज आहे. तो रंग पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरव्या विकराचा असतो, आणि विषाणूंच्या आजारातही येतो. मोठ्यांमध्ये तीन आठवड्यांपर्यंतचा खोकला नवा, तीन ते आठ आठवड्यांचा रेंगाळलेला आणि आठच्या पुढचा जुनाट धरतात. मुलांमध्ये जुनाटाची हद्द चार आठवड्यांवरच येते. भारतात या सगळ्याच्या आधी एक वेगळी रेघ आहे, दोन आठवड्यांची. तिच्याकडे पुढे येऊच.

चिनी वैद्यकात खोकल्याची पहिली विभागणी झांग जिंगयुए या मिंग काळातल्या वैद्यानं पक्की केली: बाहेरून आलेला आणि आतून उपजलेला. बाहेरून आलेल्यात वाऱ्याबरोबर काय आलं ते बघायचं. थंडी आली असेल तर घशात खाज, नाकातून पाण्यासारखी सर्दी, कफ पातळ आणि पांढरा, अंगात हुडहुडी, घाम नाही. उष्णता आली असेल तर घसा दुखतो, कफ दाट पिवळा, तहान लागते, थोडा घाम येतो. कोरडेपणा आला असेल, म्हणजे उत्तर चीनमधल्या शरद ऋतूत, तर कफ जवळजवळ नाहीच, आणि आला तर चिकट दोऱ्यासारखा. ओठ, नाक, घसा सगळं सुकलेलं. आतल्या खोकल्यात मुख्य म्हणजे ओलसर कफाचा: सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर भरपूर पांढरा कफ, छाती जड, जिभेवर जाड बुळबुळीत थर. आणि दुसरा, आतला ओलावाच आटल्याचा: आखूड, कोरड्या ढासा, संध्याकाळी वाढणाऱ्या, जीभ लाल आणि थर नसलेली.

प्रत्येकाला वेगळा काढा. थंडीच्या खोकल्यात उष्ण, घाम आणणारी औषधं. उष्णतेच्या खोकल्यात तुतीची पानं, शेवंतीची फुलं, पुदिना अशी हलकी थंड. कोरड्यात नाशपातीची साल, ओलावा देणारी मुळं. ओलसर कफात अळूच्या कुळातला बानशिया नावाचा कंद आणि मुरवलेली संत्र्याची साल. ही साल म्हणजे चनफी. ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनहुईची सगळ्यात नावाजलेली, आणि निदान तीन वर्षं मुरल्याशिवाय तिला ते नाव मिळत नाही. आपलं नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं त्याच जातीत बसतं, म्हणून इथली साल वाळवून वापरायचा मोह होतो. बाजारातल्या संत्र्यावर मेण आणि फवारणीची औषधं असू शकतात, आणि ताजी साल जुन्या सालीइतकी सौम्य नसते. मोह आवरलेला बरा.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणा वाटतो तो झीसौ सान हा चूर्णाचा पाठ, म्हणजे औषधाची ठरलेली कृती. चिंग काळातल्या चेंग क्वोफंग या वैद्याचा, १७३२ सालच्या ग्रंथातला. सात वस्तू: घंटाफुलाच्या कुळातलं जिएगंग, पुदिन्याच्या कुळातलं जिंगजिए, शेवंतीच्या कुळातलं त्झवान, बायबू नावाचं मूळ, रुईच्या कुळातलं बायच्येन, ज्येष्ठमध आणि चनफी. पहिली पाच प्रत्येकी आठ भाग, ज्येष्ठमध तीन भाग, चनफी चार भाग. बारीक दळून एका वेळी तीन छ्येन, म्हणजे आजच्या मापात साधारण नऊ ग्रॅम, जेवणानंतर आणि झोपताना कोमट पाण्यातून. नुकतीच थंडी बाधली असेल तर आल्याच्या काढ्यातून. चेंगचं म्हणणं असं की फुफ्फुस नाजूक आहे, त्याला फार थंड सोसत नाही आणि फार उष्णही नाही. म्हणून त्यानं सगळी मवाळ औषधं घेतली, जी खोकला दाबत नाहीत, मार्ग मोकळा करतात. सर्दी गेली पण घशाची खाज आणि पांढरा थोडा कफ उरलाय, अशा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला हा पाठ बसतो. ताप आणि दाट पिवळा कफ असेल, किंवा थुंकीत रक्त असेल, तर बसत नाही.

उलट चूक म्हणजे सुरुवातीलाच आंबट, तुरट, आवळून धरणारी औषधं देणं. चिनी वैद्य याला दार लावून चोराला घरातच ठेवणं म्हणतात. अफूची बोंडंही चिनी औषधांत आहेत, पण शेवटच्या टप्प्यासाठी, अल्प प्रमाणात, वैद्याच्या देखरेखीखाली. आपल्या कोडीनच्या सिरपचं काम तेच आणि धोकाही तोच: कफ आत राहतो, झोप येते, सवय लागते. बारा वर्षांखालच्या मुलाला कोडीन अजिबात नाही, कारण काही मुलांच्या यकृतात त्याचं मॉर्फिन फार वेगानं होतं आणि श्वास मंदावतो. चीनमधून येताना कुणी ‘ज्येष्ठमधाच्या गोळ्या’ म्हणून तपकिरी गोळ्यांची बाटली आणली तर आतला कागद वाचून घ्या. फूफांग गानत्साव फ्येन या अतिशय लोकप्रिय गोळीत ज्येष्ठमधाच्या अर्काबरोबर अफूची पूडही असते. नाव वाचून ती चघळायची वस्तू वाटते. तशी ती नाही.

काढा करण्याची रीत चुकली की पाठ बरोबर असूनही वाया जातो. भांडं मातीचं, नाहीतर काचेचं किंवा स्टीलचं. लोखंडाचं नको, तुरट द्रव्यांशी त्याचा संयोग होतो. वनस्पती गार पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, पाणी दोन-तीन सेंटिमीटर वर राहील इतकं. मोठ्या आचेवर उकळी, मग मंद आच. नव्या सर्दी-खोकल्याचा काढा दहा-पंधरा मिनिटं पुरे, कारण त्यात काम करणारी सुगंधी तेलं जास्त उकळलं की उडून जातात. पुदिना तर शेवटच्या पाच मिनिटांतच पडतो. मुळांचा, ओलावा देणारा काढा अर्धा तास किंवा जास्त. त्याच वनस्पतींचा दुसरा काढा करून दोन्ही एकत्र करतात आणि दिवसातून दोनदा विभागून घेतात. लोकाटाची पानं, म्हणजे पिपा, खोकल्यात फार वापरली जातात; त्यांच्या पाठीवर बारीक लव असते. ती घासून काढली नाही आणि पानं फडक्यात बांधली नाहीत, तर लव काढ्यात उतरते आणि घशाला टोचून आणखी खोकला आणते.

आता ती नाशपाती. कंदाचं नाव चुआनबेई. सिचुआन, तिबेट आणि हिमालयाच्या उंच गवताळ भागात वाढणाऱ्या फ्रिटिलेरियाचा, वाटाण्याएवढा. पिकलेल्या नाशपातीची टोपी कापायची, मधला बियांचा भाग पोखरायचा, दोन-तीन ग्रॅम कंदाची पूड आणि खडीसाखरेचे चार-पाच खडे आत घालायचे, टोपी काडीनं परत बसवून वाटीत ठेवून ४० मिनिटं ते तासभर वाफवायचं. वाटीत साठलेलं पाणीही औषधच. दिवसभरात दोनदा करून संपवायचं. पूड जास्त घालून गुण वाढत नाही. कोरडी पूड घेण्याची मात्रा एका वेळी एक ते दोन ग्रॅम अशी चिनी औषधकोशात दिलेली आहे.

हे चालतं कुणाला? कोरड्या किंवा उष्णतेच्या खोकल्याला. पण देतात सरसकट, अगदी हुडहुडी भरून पातळ पांढरा कफ पडतोय अशालाही, आणि मग चिनी हिशोबानं थंडीत थंडी घातली जाते. कफ आणखी वाढल्याची तक्रार घेऊन लोक वैद्यांकडे येतात. तुमचा त्या हिशोबावर विश्वास नसला तरी मधुमेह असेल तर खडीसाखर आणि नाशपातीचं पाणी साखर वाढवणारच. दुसरी अडचण भेसळीची. चुआनबेई महाग आहे, हिमालयात तिची ओरबाडून तोड झाली आहे, आणि स्वस्त जातींचे कंद तिच्या नावानं विकले जातात. अस्सल छोट्या कंदात एक मोठं दल लहान दलाला कवेत घेऊन असतं. दळलेल्या पुडीत हे दिसणार नाही, म्हणून अख्खा कंद घेऊन घरी दळतात. भेसळीत कोल्चिसिन असलेला एक विषारी कंदही सापडतो, त्यानं उलट्या-जुलाब होऊन माणूस दगावू शकतो. विश्वासू दुकान नसेल तर नुसती नाशपाती वाफवा. ओलावा आणि गोडी घशाला शमवते, तेवढं काम ती एकटीही करते.

वनस्पतीचं आहे म्हणून निर्धोक, हे चिनी औषधकोशच मानत नाही. कडू जर्दाळूच्या बियांची मात्रा त्यात पाच ते दहा ग्रॅम अशी बांधलेली आहे, कारण त्यातून सायनाइड सुटतं. बिया उकळत्या पाण्यात बुचकळून, साल काढून मगच वापरतात. मुलांना त्या खेळता खेळता चघळायला मिळू नयेत. माहुआंग या वनस्पतीत इफेड्रिन असतं, ते दमा मोकळा करतं आणि रक्तदाब, हृदयाचे ठोके वाढवतं; अमेरिकेनं २००४ साली त्याच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. मादौलिंग नावाचं फळ शतकानुशतकं ‘फुफ्फुसाच्या उष्णतेच्या’ खोकल्यावर दिलं गेलं. त्यात अरिस्टोलोकिक आम्ल आहे, जे मूत्रपिंडं निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवतं. २०२० च्या चिनी औषधकोशातून ते काढून टाकलं. जुन्या पाठात मात्र ते अजून छापलेलं सापडतं.

आणि या वनस्पतींचा पुरावा? नव्या खोकल्यावर चिनी काढ्यांच्या चाचण्या भरपूर झाल्या आहेत, पण बहुतेकांची रचना कच्ची: कोणाला काय दिलं हे लपवलेलं नाही, तुलनेचा गट धड नाही. त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. आपल्या बाजूला अडुळशाची गोष्ट पक्की आहे. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन तयार केलं गेलं आणि त्यापासून अँब्रॉक्सॉल. ओल्या खोकल्याच्या कित्येक बाटल्यांवर आज हीच नावं दिसतात. तेच व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन करतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा नको. सितोपलादी चूर्णात खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १ असं प्रमाण असतं, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त साखरच. मधातून चाटवायच्या आधी मधुमेह्यांनी हे लक्षात ठेवायचं. ज्येष्ठमध दोन्ही देशांत घशाचं औषध आहे. रोज, आठवडेच्या आठवडे घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्याला तर फार लवकर.

चौकशी चुकते ती जागा आता. संध्याकाळी अंग कोमट, रात्री घाम, कोरडी ढास, कधी थुंकीत रक्ताची रेघ, गाल लालसर, वजन घटतंय. चिनी ग्रंथात हे फुफ्फुसाचा ओलावा आटल्याचं अगदी नमुनेदार चित्र आहे आणि त्यावर लिलीच्या कंदाचा एक सुरेख पाठ आहे. आपल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यातला आरोग्यसेवक हेच चित्र ऐकून एक शब्द उच्चारेल: टीबी. ओलावा देणाऱ्या काढ्यानं घसा शमतो, ढास कमी होते, आणि जंतू फुफ्फुस पोखरत राहतात, घरातल्या इतरांना लागत राहतात. जीभ आणि नाडी बघून जंतू दिसत नाही. चीनमधली रुग्णालयं आज यासाठी थुंकी तपासतात, एक्स-रे काढतात आणि काढा जोडीला ठेवतात. नाशपातीचे व्हिडिओ एवढंच सांगत नाहीत.

म्हणून भारतात दोन आठवड्यांची रेघ. तितके दिवस खोकला किंवा ताप राहिला, किंवा वजन घटत असेल, तर थुंकी तपासायची, सरकारी केंद्रात मोफत. नमुना सकाळचा, चूळ भरून, मोकळ्या हवेत, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला, दोन ते पाच मिलिलीटर. लाळ दिली तर तपासणी निर्दोष येते आणि सगळे निश्चिंत होतात. नकारार्थी आलेल्या कित्येक नमुन्यांत दोष रुग्णाचा नसून लाळेचा असतो. बॅटरीवर चालणारं, तासाभरात जंतूचा जनुक शोधणारं ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे; २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली.

मुलांची गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं वीसहून अधिक मुलं गेली, त्यातली बरीच उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, परवानगी ०.१ टक्क्याची आहे. हे गोड, दाट रसायन औषधी ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या जागी स्वस्तात खपवलं जातं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. २०२२ मध्ये गाम्बियात सुमारे ७० मुलं अशीच गेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली १४ रुग्ण दगावले ते खोकल्याच्या औषधानं नव्हे, ग्लिसरॉलनं, पण विष हेच होतं आणि लेन्टिन आयोगानं त्याची चौकशी केली. सिरप दिल्यावर मूल उलट्या करू लागलं आणि लघवी कमी झाली किंवा थांबली, तर बाटली बरोबर घेऊन त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायची नाहीत, पाच वर्षांखाली सहसा नाहीत.

मग द्यायचं काय? एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध. एक वर्षाच्या आत बोटभरही नाही. त्यातल्या बीजाणूंनी बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकते. नाकात सलाइनचे थेंब, पाजत राहणं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफारा नको, भाजण्याचा धोका फायद्याहून मोठा. आणि श्वास मोजायचा: मूल शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, किंवा श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर न्यूमोनिया समजून निघायचं. खेळता खेळता एकदम सुरू झालेला खोकला, आधी सर्दी नाही, ताप नाही, हातात शेंगदाणे होते: हा दाणा श्वासनलिकेत गेल्याचा खोकला असू शकतो, आणि पुढे थांबला तरी दाणा तिथेच असतो.

चिनी वैद्य बाहेरून आलेल्या खोकल्याला एका वेळी तीन ते पाच दिवसांचीच औषधं देतात आणि परत बोलावतात, कारण तिसऱ्या दिवशीचा खोकला बाराव्या दिवशी दुसराच झालेला असतो. थंडीचा उष्णतेचा होतो, मग कोरडा होतो. ही सवय मला घेण्यासारखी वाटते. पहिल्या आठवड्यात जी बाटली आणली तीच तिसऱ्या आठवड्यात रिचवत बसायचं, हे आपल्याकडे सर्रास होतं.

कफ भरपूर असेल तर खोकत बसण्यापेक्षा हफ करावं. पुढे झुकून बसायचं, नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद धरायचा, तोंड मोठं उघडून, आरशावर वाफ धरताना काढतो तसा ‘हाऽऽ’ करत बाहेर सोडायचा. दोन-तीन हफ, मग एकच खोकला, मग शांत श्वास. नुसतं जोरजोरात खोकल्यानं श्वासनलिका दबून कफ अडकतो आणि बरगडी दुखावते ती वेगळीच. कफ नाही, नुसती खाज येऊन उबळ येते, अशा रेंगाळलेल्या खोकल्यात उलट करायचं: खाज जाणवताच गिळायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, तोंड मिटून नाकानं हळू श्वास, ओठांचा चंबू करून सोडायचा. खाकरण्याची सवय मोडायची, कारण प्रत्येक खाकरणं स्वरयंत्राला पुन्हा घासतं आणि पुढची खाज तयार करतं.

ढास रात्री दोन-चारच्या सुमारास झोपेतून उठवत असेल, हसल्यावर किंवा गार हवेत वाढत असेल, तर शिट्टीसारखा आवाज नसला तरी दम्याची तपासणी मागा. आठ आठवडे उलटले असतील तर आधी छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री. त्यांच्या निकालाआधी सीटी स्कॅनची घाई नको. मात्र थुंकीत रक्त दिसलं किंवा बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला अलीकडे बदलला, तर आठ आठवडे मोजत बसायचं नाही.